जुन्या कॅसिनो चिप्सची साफसफाई



आमच्या न्यू जर्सीत आपल्या पुष्कळ घरांत एखादा ड्रॉवर उघडला की अटलांटिक सिटीची कॅसिनो चिप निघते. पूर्वी सिनियर सेंटरवरून बसेस भरून जायच्या. कॅसिनोवाले हातावर क्वार्टरचा रोल ठेवायचे आणि आपली माणसं समुद्राची हवा खाऊन संध्याकाळी परत यायची. २०१४ साली शोबोट, रेव्हेल आणि ट्रम्प प्लाझा हे कॅसिनो एकामागून एक बंद पडले, २०१६ मध्ये ट्रम्प ताजमहालही गेला. कॅसिनो बंद झाला की शिल्लक चिप्स नियमाप्रमाणे नष्ट करतात. लोकांच्या खिशात राहिल्या तेवढ्याच उरतात. म्हणून त्या भांड्यांसारख्या घासून चालत नाही.

कॅसिनोच्या चिपला 'क्ले' म्हणजे माती म्हणतात खरे, पण ती नुसती माती नसते. खडूसारखी भुकटी आणि इतर द्रव्ये साच्यात घालून उष्णतेने दाबतात. चिपची रुंदी सुमारे ३९ मिलिमीटर, वजन साधारण ९ ग्रॅम. मुलांनो, चिपच्या कडेला छोटीशी उंच टोपी आणि काठी उठवलेली दिसली तर ती पॉलसन कंपनीची समजा. ही कंपनी १९६३ साली लास व्हेगासला सुरू झाली.

त्या खडूमुळेच सांगते, चिंच, लिंबू, व्हिनेगर लावू नका. पितळेचा तांब्या चिंचेने लखलखतो, पण चिपवर आंबट पडलं की वरचा थर खातं. ब्लीच नको, नेलपॉलिशचं रिमूव्हर तर नकोच. उकळतं पाणीही नको, कडा मऊ पडतात. आणि सोनेरी अक्षरं नुसती वरून छापलेली असली तर त्यांना ब्रश लावू नका, निघून येतात.

बाकी काम सोपे. बाळाच्या आंघोळीइतकं कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. एका वेळी एकच चिप घ्या. भिजत ठेवू नका, कारण मधलं लेबल कागदाचं असतं आणि पाणी आत शिरलं तर ते फुगतं. हलक्या हाताने गोल ब्रश फिरवा, चटकन धुवा, टॉवेलने टिपा. पाणी करडं झालं की बदला. त्या करड्या रंगाच्या घाणीत हजारो लोकांच्या हातांचा घाम आणि सिगारेटचा धूर असतो! मग एक दिवस सुट्या सुट्या वाळवा.

वाळल्यावर चिप पांढरट, कोरडी दिसते. तिला मिनरल ऑइल चालतं. मी नर्स असताना वॉर्डात बद्धकोष्ठाला जे लिक्विड पॅराफिन द्यायचो, तेच हे. फडक्यावर एक थेंब घेऊन पुसा, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने परत पुसा. रंग खुलतो. आपलं खोबरेल लावू नका, काही महिन्यांनी खवट वास येईल.

झिजलेली कड मात्र परत येत नाही. ती रंगवून नवी भासवणारेही आहेत, मला ते पटत नाही. आमच्या ह्यांच्या कोटाच्या खिशात ताजमहालची पाच डॉलरची लाल चिप सापडली. ती मी धुतलेली नाही, धुणारही नाही.

आता महत्त्वाचे. जुन्या काही चिप्समध्ये वजनासाठी शिसे मिसळलेले असे. शिशाची कोणतीच मात्रा लहान मुलांना सुरक्षित धरत नाहीत. अमेरिकेत २०२१ पासून मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसे निघाले तरी लक्ष घालतात. तेव्हा चिप्स स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, वेगळी बादली ठेवा. सँडपेपरने घासू नका, धूळ उडते. शेवटी हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने शिसे जात नाही. नातवंडाने चिप तोंडात घालून चघळली असेल तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

हनुक्काला मुलं खेळायला बसली की त्यांना आपले चिंचोके द्या. इंडियन दुकानातून बियांची चिंच आणा, चिंचोके धुऊन वाळवा, झालं. तीन वर्षांच्या आतल्यांना तेही नको, नाकात घालतात.