मधल्या पट्टीचा आवाज

पाश्चात्य संगीतात स्त्रीकंठाचे तीन मुख्य प्रकार मानतात : उंच तो सोप्रानो, खर्जाकडे झुकणारा तो काँट्राल्टो आणि या दोहोंमधला मेझो-सोप्रानो. ऑपेरात नायिकेची भूमिका बहुधा सोप्रानोकडे जाते. मेझोच्या वाट्याला माता, प्रतिस्पर्धिनी किंवा पुरुषवेषातील तरुण येतो. यॉर्कशरमध्ये १९३३ साली जन्मलेल्या जॅनेट बेकर यांनी याच आवाजाला मानाचे स्थान मिळवून दिले. बँकेत नोकरी करीत त्या गायन शिकल्या. १९५६ मध्ये कॅथलीन फेरियर स्पर्धेत त्यांना दुसरे पारितोषिक लाभले. पर्सेलची राणी डायडो त्यांनी गाजविली. १९८२ मध्ये ग्लाइंडबोर्न येथे, मृत पत्नीसाठी पाताळात उतरणारा ग्लुकचा ऑर्फिओ साकारून त्यांनी ऑपेराचा निरोप घेतला. मैफली पुढेही काही वर्षे चालल्या. रंगभूमी मात्र गळा साथ देत असतानाच सोडली. असा संयम गायनकलेत दुर्मिळच.