कण्हेर : थोड्या पाण्यावर फुलणारे झुडूप

कण्हेरीच्या पानाची खालची बाजू भिंगातून पाहिली असता तीवर बारीक खळगे आढळतात. पर्णरंध्रे या खळग्यांत दडलेली असून भोवती दाट लव असते. त्यामुळे कोरडा वारा रंध्रांना थेट भिडत नाही व बाष्प सावकाश बाहेर पडते.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी, वीतभर लांबीच्या फाट्यांनी करावी. ऊन भरपूर हवे. पहिले वर्ष नियमित पाणी द्यावे. मुळे खोल गेल्यावर क्वचितच पुरे. साचलेले पाणी मात्र तिला मानवत नाही. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरताच छाटणी करावी.

छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ कदापि टाकू नयेत. कण्हेरीच्या सर्वांगांत हृदयास घातक असे विष असते. हिरव्या पानांच्या कडूपणामुळे गुरे सहसा दूर राहतात. पाने वाळली की कडूपणा उणावतो, विष मात्र टिकून राहते.