तेरचे संग्रहालय: पांढरीतून कपाटात

धाराशिव जिल्ह्यातले तेर बहुतेकांना ठाऊक असते ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव ‘तगर’ या नावाने ग्रीक व्यापाऱ्यांच्या कानांवर होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी-व्यापाराच्या ग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजेच तेर, हे संशोधक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

असे जुने गाव मागे ठेवून जाते ती पांढरी. मातीच्या भिंती ढासळतात, त्यांच्यावर नवी घरे उठतात, आणि थरावर थर चढून टेकाड होते. पुढे कुणी घरासाठी, कुणी शेतासाठी तिथली माती उकरतो. उरलेले काम पाऊस करतो: मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती धुऊन वर येतात. अशा वस्तू बहुतेक गावांत पोरांच्या खेळण्यात जातात. तेरमध्ये मात्र रामलिंगप्पा लामतुरे त्या गोळा करत राहिले. त्यांचा संग्रह हजारोंच्या घरात गेला. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर पुस्तक लिहिले, ते याच संग्रहाच्या आधारे. पुढे संग्रह राज्य शासनाकडे आला आणि लामतुऱ्यांच्याच नावाने गावात शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. वस्तू सापडल्या त्या गावातच राहिल्या, हे मला फार मोलाचे वाटते. एरवी त्या मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या कपाटात गेल्या असत्या.

आता प्रश्न काळाचा. जमिनीवर वेचलेल्या वस्तूला थर नसतो. तिच्या खाली काय होते, वर काय होते, हे कुणी नोंदलेले नसते. मग वय कसे ठरवायचे? एक वाट उत्खननाची. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले. थरातून निघालेल्या खापरांशी आणि मूर्तींशी वेचलेल्या वस्तू ताडून पाहता येतात. दुसरी वाट दूरच्या जुळ्या वस्तूची. तेरच्या संग्रहात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई इथे सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीचीच. त्या आधाराने तेरच्या मूर्तीचा काळही पहिल्या शतकाच्या आसपास नेता येतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. पाँपेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी, असे मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले होते.

मातीच्या मूर्ती पाहताना घाई करू नका. पांढऱ्या चिकणमातीच्या कित्येक बाहुल्या दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, पाठ दुसऱ्यात दाबून काढायची. दोन्ही भाग ओले असतानाच जोडायचे आणि मग भाजायचे. मूर्ती आतून पोकळ राहते, म्हणून हलकी होते आणि भट्टीत तडकत नाही. कडेला सांध्याची रेघ दिसली की ओळखावे. रोमन नाण्यांच्या धर्तीवरची मातीची पदकेही बघा. परदेशी सोने ज्यांना परवडत नव्हते, त्यांची हौस बहुधा त्यांवर भागत असावी. कुंभार असलेल्या गोरोबांच्या गावात कुंभारकामाची परंपरा किती खोल गेली आहे, हे इथे डोळ्यांनी दिसते.

संग्रहालयातून निघालात की त्रिविक्रम मंदिर चुकवू नका. मागून अर्धगोल असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासक मानतात.

आणि तेर परिसरात शेती असेल, तर एक विनंती. नांगराला काही लागले, तर ते कुठल्या शेतात, किती खोल मिळाले, एवढे आधी लिहून ठेवा आणि तहसील कचेरीला कळवा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर सरकारला देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहेच. पण जागेची नोंद नसेल, तर ती वस्तू संग्रहालयात पोचूनही निम्मी मुकीच राहते.