रायफल हवी, पण कशाला?

मुळशी तालुक्यातल्या माण गावच्या हद्दीत आज रायफलचा बार काढता येईल अशी मोकळी जागा शोधूनही सापडणार नाही. .२२ बोअरची गोळी म्हणजे रायफलींच्या घराण्यातली सर्वांत किरकोळ. पण वाटेत काही अडले नाही तर तीही दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते. माणच्या कुठल्याही बांधावर उभे राहून तेवढा घेर मनात आखला तर त्यात आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातल्या काचेच्या इमारती, सोसायट्या, शाळा, मजुरांच्या खोल्या, नाहीतर संध्याकाळची खोळंबलेली वाहने, यांतले काहीतरी येतेच. तरीही शस्त्रपरवाना ही या पट्ट्यातली मानाची चीज आहे. जमिनीला भाव आला, गुंठ्यागुंठ्याने पैसा हातात आला, मग दारात मोठी गाडी आली, गळ्यात जाड साखळी आली आणि काहींच्या कमरेला पिस्तूलही आले. ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या चित्रपटाने या बदलाची काळी बाजू महाराष्ट्रभर नेली. माझे म्हणणे असे आहे की रायफल असो वा पिस्तूल, ते बाळगण्याची मुभा वापराच्या पुराव्यावर तोलली जावी, आणि हा पुरावा देण्याची जागा म्हणजे रेंज. खेळाडूंना कायदा हाच न्याय लावतो. बाकीच्या परवानाधारकांना तो का लावू नये, याचे पटण्याजोगे कारण मला दिसत नाही.

रायफलचा सर्वांत जुना वापर शिकारीचा. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतली शिंगे आणि कातडी अजून त्याची साक्ष देतात. पण हा वापर आता संपला आहे, हे आधी नीट मान्य केले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा कणा मोडला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फट बुजवली. छंद म्हणून रानात जाऊन जनावर मारणे हा आज सरळसरळ गुन्हा आहे, हातातल्या रायफलचा परवाना कितीही चोख असला तरी. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले, राज्यातले पहिले. गंमत अशी की त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये रायफल हातात घेऊन ऑलिंपिकच्या पदकमंचावर चढला. एका तालुक्यात, एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात, रायफलचा अर्थ मुळापासून पालटला. शिकारीच्या आठवणी काढून परवाना मागणाऱ्यांनी या पालटाकडे पाहावे.

उरतो तो खेळ. तो माणपासून लांबही नाही. मुळा नदीच्या काठी म्हाळुंगे-बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. तिथल्या रेंजवर जे चालते ते पाहणाऱ्याला पहिल्यांदा कंटाळवाणे वाटेल, इतके ते संथ असते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, आणि त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा. साठ नेम, सव्वा तास. जाड कॅनव्हासचे जाकीट आणि कडक तळव्यांचे बूट घालून नेमबाज उभा राहतो, रायफलचा दस्ता खांद्याच्या खोबणीत बसवतो, गाल टेकवतो, श्वास अर्धा सोडून थांबवतो आणि चापावरच्या बोटाला हलवतो न हलवतोसे करतो. नेम जुळला नाही असे वाटले तर रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून. चांगला नेमबाज अशी माघार वारंवार घेतो. सरावाचा मोठा भाग तर छर्रा न भरताच होतो: नुसते उभे राहणे, नेम धरणे, चाप ओढणे, असे तासन्‌तास. नेम नसतो तेव्हा नळीत रंगीत फीत घातलेली असते, म्हणजे रायफल रिकामी आहे हे कोणालाही लांबून दिसावे. पंचाची आज्ञा झाल्याशिवाय गोळी भरायची नाही आणि नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कुठेही वळवायचे नाही. यात चूक झाली तर गुण जातातच, स्पर्धेतून बाहेरही काढतात. बंदुकीचे जे वेड रुपेरी पडद्यावर दिसते त्याच्या नेमके उलट वळण इथे अंगाला लागते.

पन्नास मीटरच्या रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात .२२ ची रायफल गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून चालवायची असते, प्रत्येक अवस्थेत वीस गोळ्या. कुसाळेने पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण घेतले आणि सातव्या स्थानावरून तो अंतिम फेरीत शिरला. तिथे ४५१.४ गुणांवर कांस्यपदक आले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या पदकामागे कोण उभे होते ते पाहिले की माझा मुद्दा स्पष्ट होईल. मुलगा शिक्षकाच्या घरातला. २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे त्याने नेमबाजी निवडली. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी, बालेवाडीत सराव आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन. त्याच्याआधी अंजली भागवत या एनसीसीतून रायफलकडे वळल्या आणि २००० साली सिडनीत अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. महाराष्ट्राची रायफल घडली ती सरकारी योजना, एनसीसी, नोकरी देणारे खाते आणि सामाईक रेंज यांतून. घरच्या कपाटातल्या बंदुकीने त्यात काही भर घातल्याचे मला तरी दिसलेले नाही. देशातल्या या खेळाच्या संघटनेची पायाभरणीही एका मराठी माणसाने केली: लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक-अध्यक्ष झाले. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.

रेंजवरची रायफल आणि कपाटातली बंदूक यांतल्या फरकाला कायदा आंधळा नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. पण फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या नेमबाजांना बारापर्यंत शस्त्रे ठेवायला मोकळीक दिली आणि सरावासाठीच्या .२२ काडतुसांची वर्षाची मर्यादा एक हजारावरून पाच हजारांवर नेली. म्हणजे जो सगळ्यांत जास्त गोळ्या झाडतो त्याच्यावर कायद्याचा विश्वास सगळ्यांत जास्त. वरवर हे उफराटे वाटेल, पण ते बरोबर आहे. त्याची प्रत्येक गोळी रेंजवर, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर झडते आणि तिचा हिशेब राहतो. उलट आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल घेतलेल्याला २०१६ च्या नियमांनुसार सुरुवातीला शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, पण त्यानंतर नियमित सरावाचे बंधन नाही. परवाना पाच वर्षे चालतो. हात पाच वर्षांत गंजतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो शेतकऱ्याचा, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. मुळशी-मावळच्या डोंगरकडेला भाताच्या आणि भुईमुगाच्या रानात रानडुकरे एका रात्रीत हंगाम उलटा करून जातात. तिथे ठासणीची बंदूक हा पूर्वीपासूनचा आधार. पण पीकसंरक्षणाच्या परवान्याने डुक्कर मारण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. उपद्रवी जनावर मारायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती वेळेवर मिळत नाही, भरपाई तुटपुंजी असते, हे गाऱ्हाणे रास्त आहे. पण त्यावरचा उपाय वनखात्याच्या दारात आहे, आणखी बंदुका वाटण्यात नाही. अंधारात, घाईत, सराव नसलेल्या हाताने झाडलेला छर्रा डुकरालाच लागेल याची खात्री कोणी द्यावी? सरकारी आदेश आणि अनुभवी माणसे हाताशी असूनही २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली तेव्हा केवढे वादळ उठले ते आठवावे.

दुसरा आक्षेप असा की हा श्रीमंतांचा खेळ. परदेशी स्पर्धा-रायफल दोन लाखांच्या पुढे जाते आणि वर छर्रे, जाकीट, प्रवास. खरे आहे. पण म्हणूनच मालकीपेक्षा सामाईक साधनांवर पैसा घालावा. एक रायफल दिवसभरात सहा-सात मुले वापरू शकतात. दहा मीटरच्या रेंजला तर मैदानही लागत नाही: चांगला प्रकाश, पक्की मागची भिंत, छर्रे अडवणाऱ्या पेट्या आणि दहा-पंधरा मीटरचे दालन एवढ्यावर ती उभी राहते. ठराविक ताकदीपर्यंतच्या साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्रपरवानाही लागत नाही. माणच्या तिसऱ्या टप्प्यात ज्या कंपन्या आहेत त्यांच्या सामाजिक निधीतून एखाद्या शाळेत असे दालन सजवणे अवघड नाही.

तिसरा आक्षेप काहीसा भीतीचा आहे: सराव सक्तीचा केला तर नको त्या हातांना नेमबाजी शिकवल्यासारखे होणार नाही का? पण या पट्ट्यातल्या पोलीस कारवायांच्या बातम्या वाचल्या तर पकडले जातात ते बहुतेक गावठी कट्टे आणि चोरट्या वाटेने आलेली पिस्तुले. त्यांना परवानाच नाही, तर सरावाची अट लागणार कोणाला? परवान्याच्या शस्त्रांतून जे घडते ते वेगळे असते. वरातीत हवेत काढलेला बार घ्या. २०१९ नंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. किंवा साफ करताना सुटलेली गोळी, किंवा पोराच्या हाती लागलेले भरलेले हत्यार. हे सगळे नळीत फीत घालायची सवय नसलेल्या घरांत घडते. रेंजवर वर्षाकाठी चार वेळा हजेरी लावून, नोंदवहीत सही करून नूतनीकरण होणार असेल, तर मिरवायला परवाना घेणाऱ्यांतले निम्मे आपणहून गळतील असा माझा अंदाज आहे. उरतील ते शस्त्र हाताळायला शिकलेले असतील.

नियम बदलेपर्यंत थांबायलाच हवे असे नाही. आपल्या कपाटातल्या शस्त्रातून शेवटची गोळी कधी, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली झाडली, हे परवानाधारकाने स्वतःला विचारावे. उत्तर देता आले तर बालेवाडीचा रस्ता जवळच आहे. आले नाही, तर ते शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते.