पणजीचं नाव सांगता येईल का?

एक साधा प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमच्या पणजीचं नाव काय? तिचं माहेर कुठलं?

पनवेल-उरण भागात कामानिमित्त फिरताना हा प्रश्न मी अनेक ओट्यांवर विचारला आहे. पणजोबांचं नाव बहुतेक वेळा निघतं, कारण ते जुन्या फेरफारात असतं. पणजीपाशी मात्र गाडी अडते. मग कोणीतरी म्हणतो, "आमची म्हातारी असती ना, तर तिनं सांगितलं असतं."

माझ्या घरी याहून वेगळं घडलं नाही. कृषी पदविका घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा आजी हयात होती. लोकांच्या बांधावर जाऊन मी पीक, बियाणं, खत यांची माहिती रकान्यांत भरत होतो. पण घरच्या म्हातारीला कधी एक प्रश्न विचारला नाही. ती गेल्यावर तिची पेटी उघडली. फडक्यात बांधलेलं मूठभर तांबूस भात निघालं. कुठलं वाण, कुठल्या शेतातलं, कशासाठी जपलेलं, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. रुजत घालून पाहिलं. एकही दाणा उगवला नाही.

आपल्याच भागात घाई का?

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातखाचरं, मिठागरं, खाजणं गेली. जमिनीच्या भावासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जे आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात ५ शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी तर १० गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं.

इतर जिल्ह्यांत आजोबांचं शेत निदान दाखवता तरी येतं. आपल्याकडे शेत नाही, टेकडी नाही, काही ठिकाणी गावच नाही. उरली आहे ती माणसांची आठवण. हिशोब करून पाहा. १९७० साली जो वीस वर्षांचा होता, तो आज पंच्याहत्तरी ओलांडून बसला आहे. १९८४ च्या मोर्चात कडेवर पोर घेऊन गेलेली सून आज आजी आहे. या माणसांकडून ऐकून घ्यायला आपल्या हाती फार वर्षं नाहीत.

आठवणीत शेतीही आहे

कोणी म्हणेल, यात शेतीखात्याचा काय संबंध? संबंध आहे. खारजमिनीची शेती हे आपल्या पूर्वजांचं मोठं शास्त्र होतं. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी उडतं आणि क्षार वर येतात. पहिल्या पावसांनी ते धुऊन जाईपर्यंत पेरणीला थांबावं लागतं. उघाडी कधी उघडायची, कधी बंद करायची, भरतीचं पाणी कसं अडवायचं, हे ठरलेलं असे. काळा राता, भुरा राता अशी क्षार सोसणारी भातं याच किनारपट्टीची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून पुढे पनवेल १, २, ३ ही वाणं आली. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या बियाण्याची निवड करणारे हात आपल्याच बायाबापड्यांचे होते.

एका आजींनी मला सांगितलं, "खांड गेली का सगला गाव धावं. कोन कोनाचा, ते कोन बघत नव्हता." बांध फुटला की भांडणं बाजूला ठेवून माती टाकायला गाव जमे. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. उरण, पेण, अलिबागकडे आजही खारभात होतं. त्या शेतकऱ्यांना ही माहिती उपयोगी पडणार नाही काय?

कसं विचारावं?

१) आधी परवानगी घ्या. मोबाईलवर आवाज भरणार असाल तर तसं सांगा. चोरून भरू नका. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून ठेवा.

२) लावणी-कापणीच्या धांदलीत बसू नका. दुपारची निजानीज झाल्यावर तासभर पुरे. गौरी-गणपतीला माहेरवाशिणी येतात, तेव्हा आत्याबाईंना अवश्य गाठा.

३) "कुठल्या साली?" असं विचारलं की म्हातारं माणूस गप्प होतं. "वाशीचा खाडीपूल झाला त्याआधी की नंतर?", "७२ च्या दुष्काळात थोरला केवढा होता?", "२६ जुलैच्या पुरात कुठं होतात?" असं विचारा. साल आपोआप हाती लागतं.

४) मोठ्या प्रश्नानं सुरुवात नको. पाटा, कोयता, जुना फोटो समोर ठेवा. जमलं तर त्यांना जुन्या शेताच्या जागी घेऊन जा. रस्ता झाला असला तरी त्या उभ्या राहून सांगतील, इथं उघाडी होती, तिथं चिंचेचं झाड.

५) बायकांशी वेगळं बोला. पुरुष जवळ बसले की त्या "मला काय कलतं" म्हणून उठतात. गावात धवलारीण असेल तर तिला विसरू नका. लग्नाची गाणी म्हणता म्हणता कितीतरी घरांच्या सोयरिकी तिच्या कानावरून गेलेल्या असतात.

६) दोन भाऊ दोन गोष्टी सांगतील. कोण खरा हे तिथंच ठरवू नका. दोन्ही लिहा. त्यांच्या बोलीतच लिहा, शुद्ध करत बसू नका.

कागदाशी ताडून पाहा

ऐकलेलं झालं की कागद काढा. सातबारा, जुने फेरफार, शाळेचं दाखल-खारज रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ पाहा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही घराण्यांची नावं सापडतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी समाजाचे लोक घरोघर येऊन वंशावळ सांगतात. आपल्याकडे ते येत नाहीत, म्हणून आपला हेळवी आपणच व्हायला हवं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. आजीची आठवण म्हणजे वारस दाखला नव्हे. मुलाखतीच्या निमित्तानं कुठल्याही कागदावर तिची सही वा अंगठा घेऊ नका आणि भूखंडाच्या वाट्याचा विषय काढू नका. तो काढलात की माणूस कायमचा गप्प होतो. पण वंशावळ लिहिताना मुलींची, आत्यांची, बालपणी वारलेल्यांची नावं गाळू नका. त्याच आजी म्हणाल्या होत्या, "कागदाव एकच नाव हाय पोरा, पन शेतान रोपा लावनारी आमी सात जनी व्हतो." त्या सात जणींची नावं मी त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतली. पाच नावं लगेच आली. उरलेल्या दोघींसाठी आजी बराच वेळ डोळे मिटून बसल्या. एक आठवलं. सातवं आलंच नाही.

तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक बंधूंना विनंती आहे. जुनं रजिस्टर पाहायला आलेल्या पोराला हेलपाटे घालायला लावू नका. गावच्या वाचनालयात या वह्यांसाठी एक कपाट ठेवा. शाळेच्या मुलांना सुट्टीत आजी-आजोबांच्या पाच-पाच गोष्टी लिहून आणायला सांगा.

खर्च काही नाही. शंभर पानी वही, एक पेन आणि खिशातला मोबाईल. येत्या रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यात थोर माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या आईचं नाव काय हो?" पुढचं ते माणूस सांगेल. तुम्ही फक्त लिहून घ्या. बियाणं असो की आठवण, वेळेत पेरली तरच उगवते, हे मी पेटीतल्या त्या मूठभर भातापासून शिकलो आहे.