गिड्डी कोंबडी घ्यावी का? अंड्यांचा हिशेब

बाजारात आखूड पायांची गिड्डी गावरान कोंबडी दिसली की आपल्या आयाबहिणी पुढे सरकतात. "ही काय अंडी देणार?" प्रश्न रास्त आहे, कारण बऱ्याच घरांत अंड्यांचे पैसे हीच बाईच्या हातची रोकड असते. पण नुसती अंडी मोजून याचं उत्तर मिळत नाही.

नेहमीची गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते. मधेच खुडूक बसते, तेव्हा अंडी बंद. ही सवय गिड्डीलाही असतेच. गिड्डीचं अंडं जरा लहान असतं, संख्याही काही वेळा कमी भरते. मात्र तिचं वजन जवळपास 30 टक्के कमी असतं आणि खाल्लेल्या दाण्यातला मोठा वाटा कोंबडीचं स्वतःचं शरीर चालवण्यातच जातो. शरीर लहान, तर खाणंही कमी.

समजण्यापुरते आकडे घेऊ. मोठी रोज 80 ग्रॅम खाऊन महिन्याला 6 अंडी देते, गिड्डी 60 ग्रॅम खाऊन 5. म्हणजे एका अंड्यामागे मोठीला 400 ग्रॅम दाणे लागले, गिड्डीला 360. अंडी तोलून विकली असती तर हा फायदा जवळजवळ गेला असता, पण गावरान अंडं आपण नगावर विकतो! म्हणून दाणे विकत आणून खुराड्यात पाळणाऱ्यांना गिड्डी परवडू शकते. उकिरड्यावर चरून पोट भरणाऱ्या कोंबड्या असतील, तर आमच्या मते मोठीच बरी. ती मांसालाही जास्त भरते.

पैदास करायची असेल तर कोंबडा नीट पाहा. गिड्डेपणाचा एक नेहमीचा प्रकार लिंगाशी जोडलेला आहे. या प्रकारात मुलीला तो गुण फक्त बापाकडून येतो. गिड्डा कोंबडा आणि मोठी कोंबडी ठेवली, तर सगळ्या तलंगा गिड्ड्या निघतात, नर मात्र मोठे. उलट जोडी लावली, म्हणजे गिड्डी कोंबडी आणि शुद्ध मोठ्या वाणाचा कोंबडा, तर एकही पिल्लू गिड्डं होत नाही.

आखूड पायांचा आणखी एक प्रकार असतो, त्यापासून सांभाळा. त्यात अंग नेहमीएवढंच, पण पाय इतके तोकडे की कोंबडी जमिनीला घासत चालल्यासारखी वाटते. असे नर-मादी दोघंही जोडीला ठेवले, तर साधारण चौथा हिस्सा गर्भ अंड्यातच मरतात आणि खुडूक कोंबडीखाली ठेवलेली तेवढी अंडी वाया जातात.