किल्ल्यामागची बाग

आईची सकाळ गेली कित्येक वर्षे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात उजाडते. पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीतून झालेले हे दहा एकरांचे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले आहे. त्यामुळे जपानला जायचे ठरले, तेव्हा फुजी पर्वत आणि क्योतोच्या आधी तिने एकच सांगितले, ‘‘आपल्या बागेचं माहेर बघायचं.’’

सहलींच्या ठरावीक कार्यक्रमात ओकायामा सहसा नसते. खरे तर ते वाटेवरच आहे. तोक्यो-ओसाका शिनकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली आणि १९७२मध्ये हा मार्ग ओकायामापर्यंत पोचला. शिन-ओसाकाहून तासाभराच्या आत आपण तिथे उतरतो. स्टेशनसमोरून ट्राम घ्यायची, शिरोशिता थांब्यावर उतरायचे आणि नदीच्या दिशेने चालत सुटायचे. आसाही नदीच्या काठी काळ्याभोर भिंतींचा किल्ला उभा आहे. त्या रंगामुळेच लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. किल्ल्यापासून बागेकडे नेणाऱ्या पुलाचे नाव त्सुकिमी, म्हणजे चंद्रदर्शनाचा पूल. अर्थ कळल्यावर आई कठड्याला हात लावून म्हणाली, ‘‘म्हणजे यांचीही कोजागिरी आहे.’’ आहेच. शरदातल्या पौर्णिमेचा चंद्र पाहण्याची रीत तिथे शेकडो वर्षांची आहे.

ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७मध्ये ही बाग करायला सांगितली. त्सुदा नागातादा या कर्तबगार कारभाऱ्याने ती उभी केली आणि १७००मध्ये मूळ काम पुरे झाले. त्याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. इकडे महाराष्ट्र औरंगजेबाशी झुंजत होता, तिकडे तोकुगावांच्या राजवटीत लढाया थांबून काही पिढ्या लोटल्या होत्या. अशा बागा त्या लांबलेल्या शांततेचे अपत्य आहेत. तलवारीला काम उरले नाही, तेव्हा सरदारांनी दगड, पाणी आणि झाडे यांच्यात मन घातले.

किल्ल्याच्या मागे असल्यामुळे तिला आधी नुसतेच ‘मागची बाग’ म्हणत. कोराकुएन हे नाव १८७१मध्ये पडले. त्याच्या मुळाशी सुंग काळातल्या फान चोंगयान या चिनी मुत्सद्द्याचा विचार आहे. राज्यकर्त्याने सगळ्यांच्या आधी चिंता करावी आणि सगळ्यांच्या नंतर सुख घ्यावे, असा तो विचार. ‘कोराकु’ म्हणजे ते नंतरचे सुख. बागेत फिरताना हे नाव पटते, कारण सरदाराच्या करमणुकीच्या जागेत चक्क भाताचे खाचर आहे, चहाचा मळा आहे. र्युतेन नावाच्या एका मंडपात तर जमिनीच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि त्यात सहा रंगीत दगड मांडलेले आहेत. भिंती नाहीत. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर बसायचे आणि पाणी ऐकायचे. कोकणातल्या एखाद्या आगरात बसल्यासारखे वाटले मला.

आल्या दिवशी मी मात्र थोडी खट्टू झाले होते. माहिती वाचत गेले तसे लक्षात आले, की समोर दिसते त्यातले बरेचसे तीनशे वर्षांचे नाहीच. १९३४च्या पुरात बाग उद्ध्वस्त झाली. २९ जून १९४५च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला जळला आणि सरदाराची बैठक असलेली एन्योतेई ही वास्तूही जळली. एन्योतेई १९६०मध्ये पुन्हा बांधली, किल्ल्याचा मनोरा १९६६मध्ये, तोही काँक्रीटचा. इथले लाल डोक्याचे क्रौंचसुद्धा युद्धानंतर उरले नव्हते. तरुणपणी ओकायामात शिकलेल्या कुओ मोरुओ या चिनी लेखकाने १९५६मध्ये दोन क्रौंच भेट पाठवले, तेव्हा ते परत आले.

‘‘मग यातलं जुनं काय?’’ आईने विचारले.

उत्तर मला एका पाईनच्या झाडाखाली मिळाले. नोव्हेंबरचा महिना होता. तीन पायांच्या शिडीवर उभा राहून एक प्रौढ माळी झाडाच्या जुन्या सुया हाताने उपटत होता. कात्री नाही, यंत्र नाही. एक डहाळी घ्यायची, बोटांनी चाचपायची, यंदाच्या सुया ठेवायच्या आणि मागच्या काढायच्या. आम्ही अर्धा तास तिथे होतो, तेवढ्यात त्याची एक फांदीही पुरी झाली नाही. थंडीच्या आधी हे करावे लागते, म्हणजे आतल्या फांद्यांना ऊन मिळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा कोवळे कोंब खुडायचे. फेब्रुवारीत बागेतली हिरवळ पेटवून देतात, म्हणजे किडीची अंडी मरतात आणि राखेतून नवे गवत जोमाने येते. हे ऐकून आईचे डोळे चमकले. तिच्या माहेरी पावसाळ्यापूर्वी शेतात राब भाजतात. तिकडे कानाझावाच्या केनरोकुएन बागेत नोव्हेंबरपासून फांद्यांना वरून दोर बांधतात, बर्फाच्या भाराने त्या मोडू नयेत म्हणून. जपानचा जो निसर्ग आपण पोस्टकार्डावर पाहतो, त्यातला फार मोठा भाग असा कुणाच्या तरी बोटांखालून गेलेला आहे.

म्हणजे जुनी आहे ती हाताची सवय. इसेचे शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ची पुनर्बांधणी बासष्टावी होती. पाश्चात्त्य प्रवासी याने चक्रावतात. मराठी माणसाने का चक्रावावे? आपल्या घरी मूर्ती दर भाद्रपदात नवी येते आणि गणपती तोच असतो.

सगळेच असे पुन्हा करता येत नाही, हेही जपानला ठाऊक आहे. नाराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले नाते अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. त्यातल्या बोधिसत्त्वाची झुकलेली मान पाहिली, की आपला पद्मपाणी आठवतो. २६ जानेवारी १९४९ रोजी, त्यांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालू असतानाच, आग लागून ती चित्रे होरपळली. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो, त्या दिवशी जपानभर देवळांतून आग विझवण्याचा सराव होतो.

मला शनिवारवाडा आठवत राहिला. १८२८च्या आगीनंतर त्याची जोती उरली. ती तशीच असावीत, सिमेंटचा वाडा मला नको आहे. पण सागवानी खांबाला कमळ कोरणारा, चुना मळणारा हात पुण्यात किती जणांकडे उरला, हा विचार सोसवत नाही. वाडा आगीत गेला. हात आपण जाऊ दिले.

संध्याकाळी पाच वाजता बाग बंद होणार होती. आम्ही युइशिनझान या लहानशा टेकडीवर चढलो. पुरुषभर उंचीच्या तिप्पट असेल, पण तिथून तळे, बेटे, पिवळी पडलेली हिरवळ आणि पलीकडे काळा किल्ला असे सारे एका नजरेत येते. किल्ला बागेत नाही, नदीपार आहे. तरी तो चित्रातच धरलेला असतो. जपानी भाषेत याला शाक्केई म्हणतात, उसने घेतलेले दृश्य.

आई बराच वेळ किल्ल्याकडे पाहत होती. मग बोट दाखवून म्हणाली, ‘‘आपल्याकडे इथे तळजईची टेकडी येते.’’